खालची रेघ, जाड तार

१२ जानेवारी १९६९

बोटं फुटली. डाव्या हाताची तीन. उद्या कारखान्यात, मिलमध्ये पाना धरला की कळेलच!

चूक माझीच. हौस. क्लबच्या कपाटावर एक गिटार धूळ खात पडलेली असते. लांब मान, चारच तारा, त्याही चांगल्या जाड. कोणी रशियन इंजिनिअर परत जाताना ठेवून गेला. बेस गिटार म्हणतात तिला. कोणी हात लावत नाही, कारण तिच्यावर गाण्याची चाल वाजत नाही. ती गाण्याच्या खालून वाजते. कृष्णराव आहेत ना — ड्रॉइंग ऑफिसातले, तेलुगू, क्लबचा ऑर्केस्ट्रा तेच चालवतात — त्यांनी काल माझा पंजा हातात धरून उलटसुलट पाहिला. म्हणाले, "चिंधू, इतना बड़ा हाथ लेकर सिर्फ नट-बोल्ट कसेगा क्या?" आणि गिटार दिली.

मला सा रे ग म येत नाही. गरज नाही म्हणाले. कागदावर चार आडव्या रेघा मारल्या. एक रेघ म्हणजे एक तार. रेघेवर आकडा लिहिला की गिटारच्या मानेवरच्या तितक्या नंबरच्या घरात बोट दाबायचं. शून्य म्हणजे तार मोकळी सोडायची. झालं! मी फिटर आहे, रोज ड्रॉइंग वाचून मशीन जोडतो. मला नाही जमणार तर कोणाला?

चादरीत गुंडाळली, सायकलला बांधली, मरोद्याच्या आमच्या क्वार्टरपर्यंत आणली. मायने विचारलं, "का होय हे?"

"क्लबचं सामान," म्हणालो. भित्रा साला मी.

१४ जानेवारी

दुसरी पाळी. हात लावायला वेळ नाही. बेअरिंग बसवताना डोक्यात आकडेच — शून्य, तीन, पाच, तीन.

१९ जानेवारी

मायला कळलं.

पहिल्या पाळीवरून आलो तर चादर उघडी, गिटार खाटेवर, आणि माय खाली बसून तिच्याकडे बघतेय. भाकरीसुद्धा टाकली नव्हती.

"वाजवाचं होय न हे?"

"हो."

"तुह्या बापानं गळ्यातून काढलं, अन् तू गळ्यात घालून आला."

बा डफडं वाजवायचा. भंडाऱ्याकडच्या आमच्या गावात कोणाचंही लग्न असो, कोणाचाही देव निघो, बा सगळ्यांच्या पुढे, उन्हात. मांडवाच्या बाहेर बसायचा. सगळ्यांची जेवणं उरकली की उरलेलं आमच्या टोपलीत पडायचं. मीही जायचो मागे मागे, आणि वाट बघायचो त्या टोपलीची. छप्पनला नागपूरला दीक्षा घेऊन सगळे परत आले तेव्हा वस्तीने ठरवलं — मेलेलं ढोर ओढायचं नाही, कोणाच्या दारात वाजवायचं नाही. मायने डफडं स्वतःच्या हाताने चुलीत घातलं. कातडं जळाल्याचा वास मला अजून आठवतो. मग गावाने काम बंद केलं, विहीर बंद केली. इकडे हा पोलादाचा कारखाना उभा राहत होता. आलो. पायाच्या खड्ड्यातली माती माय आणि बा दोघांनी टोपल्यांनी वाहिली. त्याच जागेवर आता मी पाना घेऊन फिरतो. त्रेसष्टला बा गेला. खोकून खोकून.

"माय, हे डफडं नोहे," मी म्हणालो. "स्टेजवर खुर्चीवर बसून वाजवतेत हे. साहेब लोक वाजवतेत."

"पट्टा त गळ्यातच हाये न त्याचा."

मग उठून चूल पेटवायला घेतली. शेवटी म्हणाली, "घरात नाई वाजवाचं. भाईर तुह्यं तू पाय."

एवढं तरी म्हणाली. पण मला तेवढ्यावर थांबायचं नाही. शेजारच्या क्वार्टरमध्ये रामाजीकाका आहेत — बाच्या सोबत नागपूरला गेलेले, आता वस्तीतल्या भीमगीतांच्या पार्टीचे मुख्य. चौदा एप्रिलला जयंतीच्या स्टेजवर त्यांच्या पार्टीमागे मला ही वाजवायची आहे. एक गाणं. एकच! माय समोर बायकांत बसलेली असेल. तिला दिसेल की वाजवणं म्हणजे वाकणं नाही. मला दुसरं काही नको.

२३ जानेवारी

मरोद्याच्या तलावावर जातो. बांधावर बसतो. वीज नाही, ॲम्प्लिफायर नाही, त्यामुळे हिचा आवाज शेजारी बसलेल्यालाही धड ऐकू येत नाही. हनुवटी लाकडावर टेकवली की हाडातून ऐकू येतो. लोक म्हणत असतील, फिटर वेडा झाला, लाकूड कवटाळून बसतो.

२६ जानेवारी

सुट्टी. झेंडा, लाडू, मग तलाव. कृष्णरावांच्या कागदावरचं एक सिनेमाचं गाणं पूर्ण झालं! सुरुवातीपासून शेवटपर्यंत, न थांबता. गाणं ओळखू येत नाही ते सोडा. बेस आहे, खालचंच असणार, असं मनाला सांगितलं. पण काहीतरी वाजतंय! रोज वाजवून वाजवून मला ते आवडायलाही लागलंय.

संध्याकाळी रामाजीकाकांना सांगितलं. काका हसले. "चार तारीचं होय न? मंग आन. पायजे त हाये खालून कोनीतरी, तबला एकटाच मरून राहिला." म्हणजे हो! काकांनी हो म्हटलं! कृष्णराव आमच्या गाण्याचे आकडे लिहून देतो म्हणाले आहेत, एकदा ऐकून.

२ फेब्रुवारी

मरावं वाटतं.

आज क्लबमध्ये सगळ्यांसमोर वाजवलं. कृष्णरावांनी ॲम्प्लिफायरला तार जोडली — सुपेला बाजारातल्या रेडिओवाल्याने जुन्या सामानातून बनवलेला तो डबा — आणि मी ऐटीत सुरू केलं. ॲकॉर्डियनवाला दोन ओळी वाजवून थांबला. ड्रमवाला थांबला. मग मीही थांबलो.

कृष्णरावांनी कागद बघितला, माझी बोटं बघितली, आणि कपाळाला हात लावला. "अरे बाबा, पूरा उल्टा!"

गिटार धरली की जाड तार वर असते, माझ्या तोंडाकडे. म्हणून कागदावरची वरची रेघ म्हणजे जाड तार, असं मी धरलं. आणि ती तर सगळ्यात बारीक! खालची रेघ जाड तारेची. गिटार मांडीवर आडवी ठेवून वरून वाकून बघायचं, तसा तो नकाशा. जाड तार आपल्या पोटाकडे, म्हणून कागदावर खाली. मी, ड्रॉइंग वाचणारा फिटर, तीन आठवडे दात-ओठ खाऊन एक उलटं गाणं घोटत होतो. बोटांची सालटी काढून!

सगळे हसले. वाईट हसले नाहीत, दोस्तीतच हसले. कृष्णराव म्हणाले, "सबका होता है." पण सगळ्यांच्या बोटांना आता त्या चुकीची सवय लागलेली नाही ना. माझ्या बोटांना लागली आहे. ती डोक्याचं ऐकत नाहीत.

३ फेब्रुवारी

पुन्हा पहिल्यापासून. शून्य, तीन, पाच, तीन. जाड तारेवर. बोटं दरवेळी बारीक तारेकडे धावतात. स्वतःच्या हाताला शिव्या घातल्या.

९ फेब्रुवारी

आज जमलं. ऑर्केस्ट्रासोबत, ॲम्प्लिफायर लावून. जाड तार मोकळी सोडली तेव्हा आवाज कानात आलाच नाही, पोटात आला. खिडकीची काच थरथरली. वर ॲकॉर्डियन चाल वाजवत होता आणि ती चाल माझ्या आवाजावर पाय ठेवून चालत होती. मी थांबलो तर ती पडेल हे मला कळत होतं. उभ्या जन्मात मला असं कधी वाटलं नव्हतं.

कृष्णरावांनी आमच्या जयंतीच्या गाण्याचे आकडे लिहून दिले. दोन कागद. आता फक्त घोटायचं.

घरी आल्यावर मायला सांगावंसं वाटलं. ती लसूण सोलत होती. सांगितलं नाही.

१६ फेब्रुवारी

कृष्णराव म्हणतात, येत्या आठवड्यात एका लग्नात ऑर्केस्ट्रा आहे. टाउनशिपच्या सेक्टरमधलं लग्न, मोठा मांडव, बक्षिसी चांगली. सगळे जाणार. "बेस के बिना कैसे होगा, अब तो आदत पड़ गई," म्हणाले.

लग्न. दारात वाजवणं.

दिवसभर स्वतःशी भांडलो. ऑर्केस्ट्रा म्हणजे वाजंत्री नाही. कृष्णराव ब्राह्मण आहेत, तेही वाजवतात. ड्रमवाला बंगाली आहे, त्याचा बाप डॉक्टर. आम्ही इस्त्रीचे शर्ट घालून खुर्च्यांवर बसणार. कारखान्यात कोण कोणाला जात विचारतो? एकाच कँटीनमध्ये सगळे सारख्याच ताटल्यांत खातात. आणि वस्तीने ठरवलं होतं ते डफड्याचं, गावातलं. गाव तिकडे राहिलं.

असं सगळं पटवून घेतलं. पटलंही. तरी मायला म्हणालो, "येत्या रविवारी डबल ड्यूटी आहे." पटलं होतं तर खोटं कशाला बोललो?

२४ फेब्रुवारी

लिहायचं नव्हतं. पण कुठेतरी ओकलं पाहिजे.

काल संध्याकाळी लग्न. नवरदेवाचा मामा भैय्याजी — आमच्याच कारखान्यात दुसऱ्या शॉपमध्ये, म्हणजे दुसऱ्या खात्यात, फोरमन, आमच्या गावाच्या शेजारच्या गावचा. शेतीवाडीवाला माणूस. हे मला तिथे गेल्यावर कळलं. मी त्याला ओळखलं. त्याने मला नाही. मी लहान होतो ना तेव्हा.

सुरुवात झकास झाली. स्टेज होतं, खुर्च्या होत्या, दिव्यांच्या माळा होत्या. एक आकडा चुकला नाही. पोरं समोर नाचत होती. कोणीतरी सरबत आणून दिलं, सगळ्यांना दिलं तसं मलाही, काचेच्या ग्लासात. मी ग्लासाकडे बघत राहिलो आणि मनात म्हटलं, माय, बघ. बघायला तू इथे हवी होतीस.

मग नवरदेव आला. भैय्याजी रंगात आला होता. खिशातून नाणी काढली, नवरदेवाच्या डोक्यावरून ओवाळली आणि आमच्याकडे फेकली. रीत असते. नवरदेवावरून ओवाळलेला पैसा वाजवणाऱ्यांकडे टाकतात. नाणी स्टेजवर खणखणली. ॲकॉर्डियनवाला हसला, त्याने पायाने एक नाणं बाजूला सरकवलं आणि वाजवत राहिला. ड्रमवाल्याने बघितलंही नाही.

आणि माझा हात खाली गेला.

मी नेला नाही. गेला! कंबर वाकली, खुर्चीवरून मी अर्धा उठलो, बोटांनी रुपया उचलला आणि खिशात घातला. एवढ्यात गाणं पडलं — खालून मीच नव्हतो ना — आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. लहानपणी बा वाजवायचा तेव्हा मातीतून पैसे वेचायचं काम माझं होतं. बाचे हात डफड्यावर, म्हणून मी. पैसा पडला की वाकायचं. दुसऱ्याच्या पोराने उचलायच्या आधी. तेरा वर्षं झाली आणि माझ्या हाताला ते पाठ आहे.

भैय्याजी पुढे आला. माझं तोंड निरखलं. मग केवढ्यांदा ओरडला — आनंदाने!

"अबे, तू त टिकारामचा पोरगा होय न! मी म्हनतो, हा हात कुठंतरी पाह्यला. बापाचा हात आला बे तुह्याले! टिकारामसारखा वाजवनारा साऱ्या भागात नोहता. माह्या लग्नात वाजवलं होतं त्यानं, आयकून राहिले का हो? तीन दिवस!"

पाठीवर थाप मारली नाही. हात वर नेला आणि मागे घेतला. त्यालाही कळलं नसेल. मला कळलं.

नंतर जेवण. सगळे बसले. मला कोणी काही म्हणालं नाही. मीच उठलो आणि पंगतीच्या बाहेर, चपलांपाशी जाऊन उभा राहिलो. कृष्णराव हाका मारत होते. पोट बिघडलंय म्हणालो.

२५ फेब्रुवारी

हात तोडून टाकावा. डावा नव्हे, उजवा. ज्याने उचलला तो.

२७ फेब्रुवारी

मायने शर्ट धुवायला घेतला. खिशात रुपया होता. मी विसरलो होतो. खरंच विसरलो होतो का?

तिने हातात घेतला, उलटा केला. नाण्याच्या कडेला हळद आणि कुंकू. एक अक्षत चिकटलेली. असे पैसे आमच्या घरात किती वर्षं येत होते. तिला विचारायची गरज पडली नाही. डबल ड्यूटीत हळद कोण लावतं?

तिने शर्ट बादलीतून काढला, पिळला, तसाच न धुता खाटेवर टाकला. रुपया खिडकीत ठेवला. म्हणाली, "हे माह्यानं धुवून निंगनार नाई." आणि आत गेली.

त्यानंतर एक शब्द नाही. ताट वाढून ठेवते आणि पाठ फिरवून बसते.

२ मार्च

बोलत नाही.

मी बोलतो. "माय, चुकलो." "माय, शिव्या दे." "माय, मार पाहिजे तर." ती भांडी घासते. रुपया खिडकीत तसाच. ती उचलत नाही, मीही उचलत नाही. दोघांपैकी कोणीही त्या खिडकीजवळ जात नाही. ती बंद करायची राहिली म्हणून रात्री थंडी वाजली.

६ मार्च

रामाजीकाका आले. आत आले नाहीत, दारातच उभे राहिले. एरवी "जयभीम" म्हणून सरळ खाटेवर बसणारा माणूस!

भैय्याजीने सगळ्या शॉपमध्ये सांगितलं. कौतुकाने सांगितलं! टिकारामचा पोरगा, बापाचा हात, अजून पैसा उचलतो तसाच. आमच्या वस्तीतला नत्थू तिथेच काम करतो. त्याने ऐकलं. मग सगळ्या वस्तीने ऐकलं.

"तू टिकारामचा पोरगा हायेस म्हनून मी सोता आलो," काका म्हणाले. "दुसऱ्या कोनाले पाठवलं नाई. त्यायच्या मांडवात वाजवलं ते एक असो. आजकाल पोरं जाऊन राहिले. पन फेकलेला पैसा उचलला बाप्पा तू. वाकून उचलला. आता जयंतीच्या स्टेजवर तुले कसा बसवू, सांग. समोर सारे तेच पाह्यतीन."

मी म्हणालो, "काका, मी उचलला नाही. हात गेला."

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाले, "समजते रे मले. लय समजते. पन नाई."

माय आत चुलीपाशी होती. तिने सगळं ऐकलं. बाहेर आली नाही.

७ मार्च

तिकडे मी वाजंत्र्याचा पोरगा. इकडे शपथ मोडणारा. मग मी आहे कुठला? गेटवर टोकन घेतो त्या नंबरचा. बस.

१२ मार्च

गिटार परत द्यायला क्लबमध्ये गेलो. कृष्णरावांना काही समजेना. "एक रुपये के लिए? अरे, शादी में सब फेंकते हैं. हमारे यहाँ भी फेंकते हैं. खुशी का पैसा है, उठाया तो क्या हुआ?"

त्यांना कसं सांगू? त्यांच्याकडे फेकलेलं नाणं आनंदाने फेकलेलं असतं. आमच्याकडे ते हाताला हात लागू नये म्हणून फेकलेलं असायचं. बाच्या हातात कोणी पैसा दिलेला मी कधी बघितला नाही. मातीत पडायचा, मग आमचा व्हायचा. हे हिंदीत सांगता आलं नाही. मराठीतही आलं नसतं.

चांगला माणूस आहे. म्हणाला, "रखो अपने पास. दूसरा कोई बजाएगा नहीं, ऊपर पड़ी रहेगी." परत घेऊन आलो. दाराच्या मागे उभी केली. तोंड भिंतीकडे.

१३ मार्च

काही नाही.

२१ मार्च

मिलमध्ये भैय्याजी दिसला. दुरून हात केला. "का बे टिकाराम!" बाच्या नावाने हाक मारली मला. आजूबाजूचे हसले. मी पाइपच्या जोडात घालायची गॅसकेट कापत होतो, ती वाकडी कापली गेली. मेस्त्री ओरडला.

त्या माणसाच्या मनात वाईट नाही, हेच जास्त वाईट आहे. शत्रू असता तर पाना उगारला असता.

२८ मार्च

माय वाळत चालली. जेवते की नाही कळत नाही, माझ्यासमोर जेवत नाही. मी गेल्यावर जेवत असेल. काल पाळीवरून लवकर आलो तर एकटीच खिडकीसमोर उभी होती. मला बघून लगेच बाजूला झाली.

तिने माझ्यासाठी माती वाहिली. पोटात दुखत असताना वाहिली, बाने सांगितलं होतं मला. कशासाठी? मी खुर्चीवरून उठून वाकावं म्हणून?

गिटार वाजवायची इच्छाच गेली. गेली म्हणतो खरा, पण जेवताना बोटं मांडीवर चालतात. शून्य, तीन, पाच. जयंतीच्या गाण्याचे आकडे. थांबवली की थोड्या वेळाने पुन्हा चालतात. माझ्या हातांनी मला आयुष्यातून उठवायचं ठरवलंय.

५ एप्रिल

काकांच्या अंगणात पार्टीचा सराव. पेटी, तबला, दोन गाणारे. भिंतीपलीकडे मी. सगळं नीट चाललंय, फक्त खालून काही नाही. मला प्रत्येक ठिकाणी कळतं, इथे मी हवा होतो. कान दाबून पडलो.

१० एप्रिल

खिडकीत रुपया नाही.

घर झाडताना लक्षात आलं. मायला विचारण्यात अर्थ नाही. भिकाऱ्याला दिला असेल. नाल्यात टाकला असेल. चांगलं झालं. पण जागा तशीच दिसते, गोल, धूळ नसलेली.

११ एप्रिल

वस्तीत पताका लागल्या. निळ्या. मी मागच्या रस्त्याने ड्यूटीला जातो. पाळी बदलून मागितली, चौदाला दुपारची. मिळाली. जयंतीच्या दिवशी ड्यूटी मागणारा आमच्यातला मी पहिला! टाइमकीपरही म्हणाला, "क्यों भाई, बीमार है क्या?"

असं वाटतं, गावी निघून जावं. पण गाव कुठे आहे?

१३ एप्रिल

दुपारी रामाजीकाका आले. आत आले, खाटेवर बसले. घाम पुसला.

म्हणाले, तुझी माय तीन दिवसांपूर्वी मला घेऊन भैय्याजीच्या घरी गेली होती. चालत. फाटकाशी उभी राहिली, त्याला बाहेर बोलावलं. सगळं घर मागे येऊन उभं राहिलं. "मले वाटलं, आता फेकते तोंडावर," काका म्हणाले. "फेकला नाई. म्हनली, हात समोर करा. त्यानं केला. त्याच्या हातावर रुपया ठेवला, अन् आपल्या हातानं त्याची मूठ बंद केली. धरून ठेवली, लय वेळ. त्याले सोडवता येईना. म्हनली, माह्या पोराकडून चुकून तुमचं आलं होतं." काकांनी स्वतःचाच हात पुढे करून, मूठ घट्ट मिटून दाखवली. मग म्हणाले, "तीन दिवस झोपलो नाई मी. उद्या पाळी बदलून घे अन् सहाले ये. ते आकड्याचे कागद घेऊन ये."

मी आत बघितलं. माय परातीत पीठ मळत होती. मान वर केली नाही.

"काकाले च्या पाज अगुदर," म्हणाली.

फेब्रुवारीनंतर माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.